अंतरिक्ष पार्श्वनाथ : दंतकथा कोणाची, मालकी कोणाची?



वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर नावाचे गाव आहे. जैनांचे मोठे तीर्थ असल्यामुळे त्याला शिरपूर जैन असेच म्हणतात. तेथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीबद्दल भाविकांची श्रद्धा अशी, की ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे. ही मूर्ती कोणाची आणि तिची पूजा कोणत्या पद्धतीने करायची, यावरून जैनांच्या श्वेतांबर आणि दिगंबर या दोन पंथांत शंभरहून अधिक वर्षे कोर्टकचेऱ्या चालू आहेत. वादापायी मूर्तीच्या गाभाऱ्याला ४२ वर्षे कुलूप होते. ते मार्च २०२३ मध्ये निघाले, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर.

कोणी म्हणेल, भांडण जैनांचे, मंदिर जैनांचे, आपल्याला त्याचे काय? आम्ही म्हणतो, आपल्याला त्याचे बरेच काही आहे. एक तर हा आपल्या वऱ्हाडाचा इतिहास आहे. दुसरे, पार्श्वनाथ हे श्रमण परंपरेतले नाव आहे. आणि तिसरे म्हणजे दंतकथा कशी जन्मते, ती हळूहळू मालकीहक्काचा कागद कशी होते, हे शिकायला शिरपूरइतका चांगला धडा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

दंतकथा ऐकली की आपल्यातले काहीजण "सगळे थोतांड!" म्हणून मोकळे होतात. भाविक ती जशीच्या तशी गिळतात. दोघांनाही त्यातून इतिहास हाती लागत नाही. कथा कोणी सांगितली, केव्हा सांगितली, तिचा लाभ कोणाला झाला, आणि कथेत राबणाऱ्या माणसाला नाव आहे की नाही, हे प्रश्न विचारल्याशिवाय तो लागणारही नाही.

कथा काय सांगते?

या तीर्थाची कथा १४व्या शतकातले श्वेतांबर आचार्य जिनप्रभसूरी यांनी 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात लिहून ठेवली आहे. हे आचार्य दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाच्या दरबारात मान मिळवलेले होते. त्यांच्या कथेत लंकेचा रावण माळी आणि सुमाळी या दोघांना कामगिरीवर पाठवतो. ते विमानाने जात असतात. जेवणाची वेळ होते. त्यांचा नियम असा, की जिनपूजा केल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. पण फुले आणि पूजेचे पाहणारा सेवक मूर्तीची पेटी घरीच विसरलेला असतो. धनी उपाशी राहतील आणि आपल्यावर रागावतील, म्हणून तो तिथल्या तिथे वाळूची पार्श्वनाथमूर्ती घडवतो. वऱ्हाडात सांगतात त्या कथेत वाळूबरोबर शेणही आहे. पूजा होते, जेवणे होतात आणि निघताना तो सेवक ती मूर्ती जवळच्या तळ्यात सोडून देतो.

मग बराच काळ जातो. तळे आटत आटत डबक्याएवढे होते. श्रीपाल नावाच्या राजाच्या अंगभर कोड उठलेले असते. शिकारीला गेला असता तो या पाण्याने हातपाय आणि तोंड धुतो, आणि तेवढ्या जागेचे कोड जाते. राणीच्या ते लक्षात येते. राजाला पुन्हा तिथे नेऊन आंघोळ घातली जाते आणि तो बरा होतो. पुढे स्वप्नात दृष्टान्त होतो, की पाण्यात मूर्ती आहे, ती सात दिवसांच्या वासरांच्या गाडीत घालून ने, पण मागे वळून पाहू नकोस. राजा निघतो. गाडी मागे येते आहे की नाही या शंकेने तो वळून पाहतो. मूर्ती तिथेच आकाशात थांबते. राजा त्या ठिकाणी आपल्या नावाने श्रीपूर वसवतो. तेच आजचे शिरपूर.

पूर्वी ही मूर्ती इतकी उंच होती, की डोक्यावर घागरी घेतलेली पाणी भरणारी बाई तिच्याखालून निघून जाई, असे ही कथा सांगते. काही जण बाईच्या जागी घोडेस्वार सांगतात. आज मात्र मूर्तीखालून कापड सरकते एवढीच फट दाखवतात. म्हणजे चमत्कार सगळ्यात मोठा होता तो नेहमी आपल्या आधीच्या काळात, जिथे जाऊन मोजमाप घेता येत नाही तिथे. जसजसे जवळ यावे तसतशी मूर्ती खाली येत जाते!

यातून इतिहास म्हणून हाताशी काय उरते? १३व्या शतकातले दिगंबर पंडित मदनकीर्ती यांनीही श्रीपूरच्या अधांतरी जिनाचा उल्लेख केला आहे. दोन वेगळ्या पंथांचे दोन लेखक सुमारे शंभर वर्षांच्या अंतराने एकाच तीर्थाचे नाव घेतात. म्हणजे १३व्या-१४व्या शतकात हे तीर्थ दूरवर गाजलेले होते, एवढे खात्रीने म्हणता येते. गावाबाहेर पवळी नावाने ओळखले जाणारे जुने दगडी मंदिर उभे आहे, तेही वऱ्हाडात जैन धर्म किती खोल रुजला होता त्याची साक्ष देते. एवढा इतिहास पक्का. रावणाचे विमान हा इतिहास नाही.

रावण इथे राक्षस नाही

पण विमान इतिहासात बसत नाही म्हणून रावणाला विसरायचे कारण नाही. या कथेत रावण कोण आहे? जिनपूजक लोकांचा राजा आहे. त्याची माणसे पूजेशिवाय घास घेत नाहीत. यज्ञ विध्वंस करणारा, माणसे खाणारा रावण इथे औषधालाही नाही.

हे शिरपूरकरांनी मनाने रचलेले नाही. विमलसूरी या जैन कवीने प्राकृतात 'पउमचरिय' नावाचे रामायण फार पूर्वी लिहिले. त्यात रावण आणि त्याचे लोक हे राक्षस नसून विद्याधर वंशाची माणसे आहेत. रावण जिनभक्त आहे आणि त्याचा वध राम करत नाही, लक्ष्मण करतो, कारण जैनांचा राम अहिंसक आहे. ज्या भाषेत हे काव्य आहे तिला अभ्यासक जैन माहाराष्ट्री म्हणतात. म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषांच्या घरातच रावणाची ही दुसरी बाजू लिहिलेली होती.

रामायण एकच आणि तेही वाल्मीकीचेच, असे जे आज दामटून सांगितले जाते, त्याला हे परस्पर उत्तर आहे. ब्राह्मणी ग्रंथांनी ज्याला राक्षस ठरवले त्याला श्रमण परंपरेने माणूस म्हणून वागवले. मात्र इथेही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. जैन रामायणात सुमाळी हा रावणाचा आजा आहे, आणि शिरपूरच्या कथेत तो रावणाने कामावर पाठवलेला माणूस होतो. म्हणजे ग्रंथातली प्रसिद्ध नावे उचलून स्थानिक तीर्थाला चिकटवलेली आहेत. तीर्थ जितके प्राचीन दाखवावे तितका त्याचा मान वाढतो. हे काम सगळेच धर्म करतात. कोणाचे तीर्थ पांडवांनी बांधलेले असते, कोणाच्या ठिकाणी रामाचा वनवास झालेला असतो.

एक राजा, तीन धर्मांच्या कथा

वऱ्हाडातले लोक श्रीपाल राजाला ईल राजा म्हणतात. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, याच राजाने वसवले अशी परंपरा आहे. हा राजा जैन होता असे शिरपूरची कथा सांगते. आता वेरूळला चला. तिथेही रोगाने पिडलेला एलू राजा आहे, तिथेही तीर्थाच्या पाण्याने तो बरा होतो, तिथेही राणी आहे. पण तिथे श्रेय शिवाला जाते. राणी माणिकावती मंदिराचे शिखर पाहिल्याशिवाय अन्न न घेण्याचा नवस करते आणि कोकस नावाचा कारागीर वरून खाली खोदत नेऊन आधी शिखर दाखवतो. ही कथा कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात आली आहे.

आता अचलपूरच्या दर्ग्यात जा. तिथे शाह रहमान दुल्हा यांची कथा आहे. गझनीच्या महमूदाचा भाचा लग्नाच्या मांडवातून उठून ईल राजाशी लढायला आला, अशी ती आख्यायिका.

राजा तोच. जैनांच्या कथेत तो जिनभक्त, वेरूळच्या कथेत शिवभक्त आणि दर्ग्याच्या कथेत हरवायचा शत्रू. पाणी तेच, रोग तोच, श्रेय मात्र ज्याने कथा सांगितली त्याच्या देवाला. म्हणून आम्ही म्हणतो, दंतकथा राजाबद्दल फार थोडे सांगते. ती सांगणाऱ्यांबद्दल भरपूर सांगते. वऱ्हाडात एके काळी जैन, शैव आणि सुफी अशा तिन्ही परंपरांना आपापली जागा पक्की करायची होती आणि लोकांच्या तोंडी असलेला एक राजा तिघांनाही हवा होता, हे या कथांच्या पोटातले सत्य आहे.

ज्यांना नाव नाही ते कोण?

आता कथेतली माणसे मोजा. रावणाला नाव आहे. माळी-सुमाळीला नाव आहे. राजाला नाव आहे, गावालाही त्याचेच नाव मिळाले. मूर्ती कोणी घडवली? त्या सेवकाने. त्याच्या हातांशिवाय हे तीर्थच नाही. पण जिनप्रभसूरींच्या कथेत तो केवळ फुले सांभाळणारा पोऱ्या आहे. त्याने देव घडवला तो श्रद्धेने नव्हे, धन्याच्या धाकाने. आणि काम झाल्यावर त्यानेच तो पाण्यात सोडला. राजाला बरे करणाऱ्या पाण्याची खूण कोणी ओळखली? राणीने. तिचे नाव शिरपूरच्या त्या जुन्या कथेच्या गाभ्यात राहिलेले नाही. आणि घागरी घेऊन मूर्तीखालून जाणारी बाई? तिचा उपयोग मूर्तीची उंची मोजण्याची काठी एवढाच.

त्या बाईने घागर कोणत्या पाणवठ्यावर भरली, तो पाणवठा सगळ्यांना खुला होता का, हे कोणत्याही तीर्थमाहात्म्यात विचारलेले नसते. कथेतले पाणी कोडाने भरलेल्या राजाला नाही म्हणत नाही. कारण तो राजा असतो. प्रत्यक्ष इतिहासात २० मार्च १९२७ ला महाडच्या सार्वजनिक तळ्याचे पाणी निरोगी माणसे प्याली तर त्यांची डोकी फोडली गेली आणि ते तळे गोमूत्र-शेणाने 'शुद्ध' करण्यात आले. शेणाची मूर्ती पवित्र, शेणाने धुतलेले तळे पवित्र, आणि माणूस तेवढा बाटवणारा! महाड जैनांनी केले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण पाण्याच्या चमत्काराच्या कथा ऐकणाऱ्या समाजाला पाण्याचा साधा हक्क कळत नव्हता, हेही तितकेच खरे.

करदोट्याचा खटला लंडनला

पुन्हा शिरपूरकडे येऊ. श्वेतांबर परंपरा म्हणते, या मूर्तीची प्रतिष्ठा अभयदेवसूरींनी विक्रम संवत ११४२ मध्ये केली. दिगंबर परंपरा हे तीर्थ आपल्या मुनींशी जोडते. जोपर्यंत दोघेही एकाच मूर्तीपुढे हात जोडत होते तोपर्यंत हा फरक चालून गेला. अडचण झाली ती मूर्तीच्या कमरेशी. दिगंबरांचा तीर्थंकर नग्न असतो. श्वेतांबर मूर्तीला कटिसूत्र म्हणजे करदोटा आणि लंगोटाची खूण दाखवतात, आणि चक्षू, टिळा, मुकुट घालून पूजा करतात. शिवाय मूर्तीला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. लेप देताना करदोटा ठेवायचा की नाही? ज्याच्या हातात लेप, त्याच्या पंथाचा देव!

१९०५ साली दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. ही तडजोड टिकली नाही. लेपावरून आणि मूर्तीवरच्या खुणा खरवडल्याच्या आरोपावरून १९१० मध्ये अकोल्यात दावा दाखल झाला. १९१८ मध्ये तिथला निकाल, १९२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाचा आणि शेवटी १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा. व्यवस्थापन आणि लेपाचा अधिकार श्वेतांबरांकडे, दिगंबरांना ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आपल्या पद्धतीने पूजेचा हक्क, असा त्याचा मथितार्थ. साता समुद्रापलीकडे बसलेल्या इंग्रज न्यायाधीशांनी वऱ्हाडातल्या तीर्थंकराच्या करदोट्याचा फैसला केला.

त्यानेही वाद मिटला नाही. पुढे गाभाऱ्याला कुलूप लागले आणि भाविक झरोक्यातून दर्शन घेऊ लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने श्वेतांबरांना लेप करण्याची मुभा दिली, मार्चमध्ये दारे उघडली आणि त्यानंतर पुन्हा तणाव झाला.

पार्श्वनाथांनी काय शिकवले होते? चातुर्याम : अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह. अपरिग्रह म्हणजे "माझे-माझे" न करणे. ज्यांनी संग्रह सोडा म्हणून सांगितले त्यांच्याच मूर्तीच्या मालकीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वकील लावले गेले. मूर्ती आली की पुजारी येतो, पुजाऱ्यामागून देणगी येते, देणगीमागून ट्रस्ट आणि ट्रस्टमागून खटला. विचार कधीचाच बाहेर उभा असतो.

दाराबाहेर तिसरा कोण होता?

या सगळ्या खटल्यांत प्रश्न एवढाच होता, की दोन जैन पंथांपैकी आत कोण. दाराबाहेरच्या तिसऱ्याचा प्रश्न त्याच काळात, त्याच वऱ्हाडात वेगळा पेटलेला होता. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली आणि त्या नोव्हेंबरात तिथल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषवले. शिरपूरचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे होता तेव्हा अमरावतीत माणसे दाराशी उभी होती.

जैन मंदिरांचा थेट प्रश्न पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला आला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हरिजन मंदिर प्रवेश कायदा केला. तो जैन मंदिरांना लागू नये म्हणून दिगंबर आचार्य शांतिसागर यांनी सुमारे तीन वर्षे धान्य वर्ज्य केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्या न्यायपीठाने सांगितले, की कायदा हरिजनांना इतर हिंदूंइतकाच हक्क देतो. जैन मंदिरात अजैन हिंदूंनाच हक्क नाही, तर तो हरिजनांनाही मिळत नाही.

तर्क कायद्याचा होता, पण दार बंदच राहिले. ते उघडण्यासाठी १९५६ मध्ये नवा कायदा करावा लागला. त्यात हिंदू, जैन, शीख आणि बौद्ध यांची सार्वजनिक पूजास्थाने स्पष्ट शब्दांत आणली गेली. संविधानाच्या कलम २५ चा आधार त्यामागे होता. म्हणजे जे काम चातुर्यामाने व्हायला हवे होते ते शेवटी संविधानाला करावे लागले.

याचा अर्थ सगळे जैन तसे होते असा काढू नका. कर्मवीर भाऊराव पाटील जैन घरात जन्मले. कोल्हापुरात अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला आणि जैन वसतिगृह सोडावे लागले तरी माघार घेतली नाही. पार्श्वनाथ त्या दिवशी कोणाच्या बाजूने होता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपण काय शिकायचे?

शेवटी एक गोष्ट आपल्याच तरुणांना सांगायची आहे. डोक्यावर नागाचा फणा असलेली ध्यानस्थ मूर्ती दिसली, की समाजमाध्यमांवर लगेच "हा बुद्धच, यांनी चोरला" अशी पोस्ट फिरते. मुचलिंद नागासोबतचा बुद्ध असतो, हे खरे. पण पार्श्वनाथाची ओळखही फण्यानेच होते. शिरपूरची मूर्ती पार्श्वनाथाची आहे, हे दोन्ही जैन पंथांचे शेकडो वर्षांपूर्वीचे लेखन सांगते. तिला बुद्ध म्हणणे म्हणजे ईल राजाला पळवणाऱ्यांच्या रांगेत आपणही जाऊन उभे राहणे होय.

श्रीपूर नावाचा एखादा जुना ताम्रपट कोणी पुढे केला, तरी तो कुठला ते आधी विचारा. गंग राजा श्रीपुरुषाच्या शके ६९८ च्या ताम्रपटात श्रीपूरच्या जिनालयाला दान आहे, पण गंगांचे राज्य कर्नाटकात होते. नाव सारखे असले म्हणून गाव एक होत नाही.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिताना आपला सिद्धान्त हा तपासून पाहण्याचा सिद्धान्त म्हणून मांडला, पुरावे कुठे तुटतात तेही दाखवले. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी त्याहून सैल हाताने इतिहास लिहू नये. धर्मानंद कोसंबींनी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या मराठी पुस्तकात पार्श्वनाथाच्या शिकवणीचा धागा बुद्धापर्यंत नेऊन दाखवला. श्रमणांचे हे नाते मूर्ती पळवून सिद्ध होत नाही. ते विचारांनी सिद्ध होते आणि तिथे आपल्याला चोरी करण्याची गरजच नाही.

तेव्हा कोणत्याही तीर्थाची, मग ते जैनांचे असो, हिंदूंचे असो की आपले असो, कथा ऐकली की आधी विचारा : ही पहिल्यांदा कधी लिहिली गेली? कोणी लिहिली? तिच्या जोरावर आज कोण हक्क सांगते? आणि जिच्या डोक्यावर घागर होती, त्या बाईचे नाव काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पोथीत मिळणार नाही. ते शोधणे हेच आपले इतिहासाचे काम आहे.

जय भीम!